रजईतला भात

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीचा जिना अर्ध्यावरच संपलाय असं वाटावं. कपडे आज वाळायचे नाहीत हे वहिनींना खिडकी न उघडताच कळलं, कारण आदल्या संध्याकाळी धुऊन दोरीवर उलट्या टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या अजून ओल्या होत्या. त्यांनी एकेक पिशवी आतून चाचपली, कोरड्या होत्या तेवढ्या घडी करून डब्यात सरकवल्या, बाकीच्या शेगडीकडच्या बाजूला ओढल्या. शेगडीची ऊब कुठल्या कोपऱ्यापर्यंत पोचते हे त्यांना पाठ होतं.

चहाचं पाणी त्यांनी कपानंच मोजून घातलं. नवऱ्याचा एक कप, आपला एक, मुलाचा एक, आणि वाफ होऊन जाईल ते बोटभर. चहा खाली उतरला तशी जळकी काडी पहिल्या आचेवर धरून दुसरी शेगडी पेटवली. जळक्या काड्यांसाठी त्यांचा वेगळा डबा होता. नवी काडी दिवसातून एकदाच ओढायची, पुढची सगळी कामं जुन्या काड्यांनी. भिजवलेल्या घेवड्याचं मोठं पातेलं चढवलं आणि त्याला खदखदून उकळी फुटेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहून कांदा चिरत राहिल्या. कांद्याची वरची सालं कुंडीत गेली. देठ तेवढे फेकले. काहीच न फेकणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. जे फेकायचं ते लगेच फेकावं, नाहीतर त्याचंही एक घर होऊन बसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

गल्लीत त्यांना सगळे पेटीवाल्या वहिनी म्हणत. पेटी म्हणजे लाकडी खोकं. त्या ज्या लॉन्ड्रीत इस्त्री करतात तिथं एकदा नवं मशीन आलं, ते या खोक्यातून. मालक जाळायला निघाला होता, वहिनींनी मागून घेतलं. आत चारी बाजूंनी जुन्या रजयांचा कापूस ठासला, मधे पातेलं बसेल एवढी पोकळी ठेवली, वर उशीसारखं जाड झाकण केलं. उकळी फुटलेलं पातेलं या पेटीत ठेवायचं, झाकण दाबायचं आणि कामाला निघून जायचं. दुपारी परत येईतो घेवडा मेणासारखा मऊ. गॅस जळला तो फक्त उकळी येईपर्यंत.

ही अक्कल त्यांना इस्त्रीनं दिली. लॉन्ड्रीत लागल्या तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या इस्त्रीवालीनं त्यांना कामाचा क्रम शिकवला होता. इस्त्री तापली की आधी जाड चादरी, मग पँटी, मग शर्ट, मग नाजूक कपडे, आणि बटण बंद केल्यावर रुमाल. बंद केलेल्या इस्त्रीवर रुमालांची अख्खी चळत निघते. म्हातारी म्हणायची, "बटण बंद झालं की काम संपलं असं फक्त मालकाला वाटतं. आच कुठं घड्याळ बघून जाते?" वहिनींच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं. तेव्हापासून त्यांना कुठलीही गरम वस्तू रिकामी बसलेली बघवत नाही. तवा उतरला की त्यावर पाण्याचं भांडं, ते कोमट झालं की त्यानं भांडी. एकामागून एक, रांगेत उभं राहिल्यासारखं.

"वहिनी, आज पेटीत कोण झोपलंय?" जिन्यावरून जाताना कुणीतरी हमखास विचारायचं.

"घेवडा. आवाज करू नका."

घर दोन खोल्यांचं. त्यात वस्तू बेताच्या, पण प्रत्येकीला आपली खुंटी. कात्री या खिळ्याला, मेणबत्ती त्या कोनाड्यात, बटणं मोहरीच्या जुन्या बाटलीत, नाड्या आणि दोऱ्या गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात. वीज गेली तरी या घरात कुणी चाचपडायचं नाही. हात घातला की वस्तू हातात. "शोधण्यात जातो तो वेळ कोण भरून देणार?" असं त्या विचारायच्या. साबणाचे तुकडे एका जुन्या मोज्यात भरून मोरीत टांगलेले. मोजा ओला करून चोळला की फेस. चादर मधे विरली की ती उभी फाडायची, कडा मधे घेऊन शिवायची, म्हणजे अजून काही वर्षं झोप. टॉवेल जुना झाला की हात पुसायला, मग भांडी पुसायला, मग फरशीला, मग सायकलला. फरशीचं फडकं भांड्यांकडे आलेलं त्यांना खपायचं नाही. चढती भाजणी नाही, उतरतीच.

मात्र सुरी आणि चप्पल त्या चांगलीच घ्यायच्या. स्वस्तातली सुरी बोट कापते आणि स्वस्तातली चप्पल कंबर, हे त्यांचं गणित. आणि त्यांच्या दारातून उपाशी कुणी गेलेलं नव्हतं. मीटर वाचायला आलेला माणूससुद्धा जेवायच्या वेळेला आला तर जेवून जायचा. हे शेवटचं लक्षात ठेवायला हवं, कारण त्या दिवशी सगळं त्याच्यावरच येऊन थांबलं.

त्यांचा नवरा बस डेपोत फिटर होता, आता निवृत्त. लग्न झालं तेव्हा सुरुवातीला त्याला वाटलं होतं, आपण घर मांडलं नाही, डेपोचं स्टोअरच घरी आणलं. मग एक दिवस पाना सापडेना म्हणून तो चिडला, वहिनींनी दिवा न लावता अंधारातून तो आणून हातात दिला, तेव्हापासून खुंट्या तोच ठोकून देतो. टोमणे मात्र त्यानं सोडले नाहीत. खिळे त्याचे, टोमणेही त्याचेच.

अडचण होती ती मुलाची. तो या घरात उलटवलेल्या कॉलरचे शर्ट घालून आणि गेल्या वर्षीच्या वह्यांतल्या कोऱ्या पानांची शिवलेली वही घेऊन शाळेत गेला. पोरं हसायची. तो घरी येऊन काही बोलायचा नाही. आता तो चष्म्याच्या दुकानात होता. काचेची दारं, चौफेर आरसे, पांढरे दिवे. दिवसभर आरशात दिसत राहणाऱ्या माणसाला आपल्या पाठीमागे काय दिसतंय याची काळजी लागते, तशी त्याला लागली होती.

आणि आज ती येणार होती. दातांच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी, जिच्याशी त्याचं सगळं ठरलं होतं, फक्त तिच्या आईचा होकार राहिला होता. आईनं तिला एकटीनं वाढवलेलं. आईचं स्वतःचं ब्युटी पार्लर. तिनं सरळ निरोप धाडला होता, "मुलगा मला पसंत आहे. पण घर बघितल्याशिवाय मी हो म्हणायची नाही. माणूस दुकानात कसाही उभा राहतो, घरात कसा बसतो ते बघायचंय." म्हणून दोघी जेवायला येणार होत्या.

आदल्या संध्याकाळी मुलगा आईजवळ येऊन बसला होता.

"आई, उद्याच्या दिवस त्या पिशव्या काढू या का?"

"काढ की. रात्रीत वाळतीलच, पिशव्यांना काय."

"आणि मोरीतला तो मोजा."

"मोजा काय करतो?"

"काही करत नाही. पण दिसतो ना."

फिटर भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मलाही झाकून ठेव रे. बनियनला भोक आहे."

"बाबा, थट्टा नको. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "एक दिवस."

पेटीचं काही बोलणं झालं नव्हतं. म्हणून सकाळी घेवड्याला उकळी फुटली, वहिनींनी दोन्ही हातांत फडकी घेऊन पातेलं उचललं आणि वळल्या, तेव्हा पेटीच्या जागी फरशीवर नुसता चौकोन होता, आजूबाजूपेक्षा उजळ. मुलगा तेवढ्यात जिन्यावरून खाली येत होता. हात झटकत.

"पेटी?"

"वरच्या शिंपीकाकांकडे ठेवली. संध्याकाळी आणतो." आईच्या हातातलं पातेलं त्याला दिसलं असावं, पण तो थांबला नाही. "मी खुर्च्या आणि दूध घेऊन येतो."

पातेलं जड होतं. परत शेगडीवर ठेवायचं म्हणजे दुपारपर्यंत गॅस जाळायचा, एका घेवड्यासाठी. ते त्यांच्या हातून होणारं नव्हतं. जसं काही माणसांना रस्त्यात थुंकवत नाही, तसं. पातेलं खाली टेकवून त्या बाहेरच्या खोलीतल्या पलंगाकडे गेल्या. भिंतीकडच्या बाजूला घरातल्या सगळ्या रजया रचल्या, मधे खळगा केला. पातेल्याचं झाकण पायजम्याच्या जुन्या नाडीनं कडीकडीतून आवळून बांधलं आणि पातेलं आत बसवलं. थोड्या वेळानं भाताला उकळी आली तेव्हा त्याचंही झाकण बांधून घेवड्याशेजारी निजवलं. त्यातल्याच दोन रजया वर घट्ट खोचल्या. त्यावर चांगली चादर अशी ओढली की बघणाऱ्याला वाटावं, भिंतीला टेकायला लांबरुंद लोड केलाय.

फिटर हे सगळं चहा पीत बघत होता. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," तो म्हणाला. "भात पसरावा असं मी पहिल्यांदा बघतोय."

"तुम्ही बसू नका तिथं म्हणजे झालं."

मुलगा मागून आणलेल्या खुर्च्या घेऊन आला तेव्हा बापानं त्याला पलंग दाखवला. "तिकडं कुणाला बसवू नको. दोघं झोपलेत. घेवडा आणि भात."

मुलाचा चेहरा पडला. पण उशीर झाला होता आणि आईला काही बोलायची त्याची तयारी नव्हती. त्यानं खुर्च्या पलंगापासून जमेल तितक्या लांब, खिडकीपाशी मांडल्या. पिशव्या, मोजा, काड्यांचा डबा, सगळं एका बादलीत भरून बादली मोरीत दाराआड ढकलली.

धुकं विरायला लागलं होतं तेव्हा पाहुण्या आल्या. मुलगी पुढे, हातात केकचा खोका, त्याला लाल फीत. मागून तिची आई, जिन्याच्या कठड्याला धरत, दर पायरीला थांबत. बाई धिप्पाड होत्या, केस काळेभोर आणि नीट बसवलेले. पार्लरवाल्या बाईंची नजर माणसाच्या तोंडावर नंतर जाते, आधी डोक्यावर. दारातच त्यांनी फिटरकडे पाहिलं.

"केस कोण कापतं यांचे?"

"मीच," वहिनी म्हणाल्या.

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला.

"कात्री चांगली आहे," बाई म्हणाल्या. "कानामागे हात जरा घाईचा होतो."

"तिथं हे गुदगुल्या झाल्यागत हलतात."

"माझीही गिऱ्हाइकं हलतात. मान धरायची घट्ट."

"या, बसा ना," मुलानं खुर्ची पुढे केली.

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं आणि हात हलवला. "खुर्ची नको रे बाबा. दिवसभर उभं राहून कंबर धरलीय माझी. खुर्चीत बसले की उठायला दोन माणसं लागतात. मला टेकायला पाहिजे." आणि खोलीत टेकायला एकच जागा होती. मुलगा काही बोलायच्या आत त्या पलंगावर चढल्या, पाय वर घेतले, आणि त्या रचलेल्या लोडाला पाठ लावली.

फिटरनं डोळे मिटले. वहिनी पाण्याचे ग्लास हातात घेऊन उभ्याच राहिल्या. पण नाडी घट्ट होती. काही सांडलं नाही, काही वाजलं नाही. बाईंच्या तोंडावर मात्र हळूहळू काहीतरी बदलत गेलं. खांदे खाली आले. कपाळावरची आठी गेली.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "हे गरम आहे."

मुलगा दोन पावलं पुढे सरकला.

"हे बघ गं, हात लाव," त्या लेकीला म्हणाल्या. "बरोबर कमरेला लागतंय. कसली गादी आहे ही?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला म्हणतात तसं मुलाच्या तोंडून निघून गेलं, "इलेक्ट्रिक आहे. नवीन निघालीय. बाबांच्या पाठीसाठी आणली."

फिटरची पाठ आयुष्यात कधी दुखली नव्हती. त्यानं एक हात मागे नेऊन ती उगाच चोळली.

"वायर दिसत नाही कुठं."

"आत असते. बॅटरीवर चालते."

"बघ, मी कधीपासून म्हणतेय तुला, असलं काहीतरी घे म्हणून," बाई लेकीला म्हणाल्या. "वाढवता येते का रे?"

"नाही. ते आपोआप होतं."

"हुशार आहे."

वहिनींनी पाणी दिलं. मुलाकडे पाहिलं नाही. त्या आत गेल्या आणि आतून त्यांना बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बाई विचारत होत्या, मुलगा सांगत होता, दुकान, पगारवाढ, भाड्यानं मिळू शकणारी वेगळी खोली. बोलणं बरं चाललं होतं. चहा झाला. बिस्किटं झाली. मुलीनं आणलेल्या केकचा एकेक तुकडा झाला. वहिनींनी काकड्या चिरल्या, टोमॅटो चिरले, ताटं पुसली, पुन्हा पुसली. करायला काही उरलं नाही. स्वयंपाक तयार होता आणि पाहुणीच्या पाठीमागे होता.

फिटर आत आला. "पोटात कावळे ओरडायला लागले," तो हळू आवाजात म्हणाला. "आता काय करायचंय?"

"त्या उठतील की. हात धुवायला तरी."

"त्या उठत नाहीत. मी असतो तर मीपण उठलो नसतो."

बाहेर मुलीनं नाक वर केलं होतं. "काहीतरी छान वास येतोय. भातासारखा."

"शेजारचा असेल," मुलगा म्हणाला.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "आता जरा उतरली का रे गादी? मघासारखी नाही लागत."

"हल्ली विजेचं काही खरं नाही," फिटर दारातून म्हणाला. मुलानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

वहिनी बाहेर आल्या. जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मुलीनं दोनदा घड्याळ पाहिलेलं त्यांनी दाराआडून बघितलं होतं. त्या मुलाच्या खुर्चीजवळ उभ्या राहिल्या. "बाळा, जेवायचं बघू या ना. पाहुणे भुकेले असतील." हे त्यांनी मुद्दाम त्याला विचारलं. सांगायचं ते त्यानं आपल्या तोंडानं सांगावं, म्हणून त्या वाट बघत होत्या.

मुलानं आईकडे पाहिलं. पलंगाकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला.

"आई, आज तू दमलीयस. आपण बाहेरून मागवू या का? लगेच येईल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा घेताना फिटरनं पुष्कळांना बघितलं होतं, पण कळसा पाहुणीच्या कमरेला आणि वळसा घरच्याच पोराचा, हे नवीन होतं. वहिनींच्या हातात ताट पुसायचं फडकं होतं. त्याची त्यांनी घडी केली, खांद्यावर टाकली आणि पलंगाजवळ गेल्या.

"ताई, जरा पुढे सरकता का?" त्या म्हणाल्या. "तुमच्या पाठीशी भात आहे."

"काय आहे?"

"भात. आणि घेवडा. गादी वगैरे काही नाही. मी रजईत शिजवते. रोज पेटीत ठेवते, आज पेटी घरात नव्हती म्हणून इथं ठेवलं."

बाई सावकाश पुढे सरकल्या, एक हात कमरेवर. वहिनींनी चादर बाजूला केली, वरच्या रजया उचलल्या, नाडीची गाठ सोडली. झाकण काढताच वाफ वर आली आणि खोलीभर पसरली. भाताचं शीत न् शीत मोकळं झालं होतं.

बाई पातेल्यात बघत राहिल्या. "म्हणजे मी इतका वेळ भाताला टेकले होते."

"भाताला उजवीकडून. डावीकडे घेवडा."

"डावीकडे जास्त शेकत होतं खरं," बाई म्हणाल्या.

मुलगी आधी हसली. तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. फिटरला सुटल्यासारखं झालं आणि तोही हसला. बाई हसल्या नाहीत आणि मुलगाही नाही. तो फोन हातात तसाच धरून बसला होता.

वहिनींनी ताटं मांडली. बाईंना पलंगावरच वाढलं, पाठीमागे रिकाम्या रजया पुन्हा रचून. घेवडा बोटानं दाबला तर विरघळावा असा झाला होता. बाईंनी एकदा मागून घेतला, मग पुन्हा एकदा. चमच्यांचाच आवाज येत होता.

पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी ग्लास खाली ठेवला. "एक सांग रे," त्या मुलाला म्हणाल्या. "भात होता तर भात म्हणायचं. गादी कशाला केलीस?"

मुलानं ताटात बोट फिरवलं. "लाज वाटली."

"कसली?"

त्याची आई त्याच्या समोरच बसली होती आणि तिचा हात भाताच्या पातेल्यात होता. "पेटीची," तो म्हणाला. "आणि अशाच सगळ्याची."

वहिनींनी डाव भरून त्याच्या ताटात भात वाढला. तो पुरे म्हणाला नाही. त्यांच्या तोंडावरून काही कळलं नाही. इतकंच झालं की त्यांनी भात वाढल्यावर डाव पातेल्याच्या कडेवर ठोकला नाही. एरवी त्या ठोकायच्या, शेवटचं शीत सुटावं म्हणून.

"हे बघ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी दिवसभर बायकांना खोटं सांगते. केस दाट दिसतात, वय दिसत नाही, रंग अगदी स्वतःचा वाटतो. ते माझं पोट आहे. पण संध्याकाळी घरी गेल्यावर मला खोटं ऐकायची ताकद राहत नाही. हिलाही मी तसंच वाढवलंय. काटकसरीच्या घरात माणूस मरत नाही. घरातल्या घरात लपवालपवी असली की मात्र रोज थोडं थोडं मरतो."

"आई, बास," मुलगी म्हणाली.

"बास तर बास. तू बोल."

मुलगी त्याच्याकडे वळली. "तू मला म्हणायचास, आमच्या घरी सगळं साधं आहे. मी विचारायचे, साधं म्हणजे कसं, तर विषय बदलायचास. मला वाटायचं काहीतरी वाईट असेल. कुणी पीत असेल, भांडत असेल. मी बरेच दिवस तेच धरून बसले होते." ती थांबली. "आणि निघाला काय, तर घेवडा."

"चुकलं माझं," मुलगा म्हणाला. तो तिला म्हणाला की आईला, हे कळलं नाही. कदाचित त्यालाही कळलं नसेल.

"पेटी आहे कुठं आता?" बाईंनी विचारलं.

"वर शिंप्याकडे," फिटर म्हणाला. "माहेरी गेलीय. संध्याकाळी यायचीय."

आता मात्र बाई हसल्या, आणि हसताना कमरेत कळ आली म्हणून मागे टेकल्या. टेकल्या तशा थबकल्या. "अजून कोमट आहे की हे. पातेली तर काढलीत तुम्ही."

"राहतं तसं," वहिनी म्हणाल्या. "रजई लगेच सोडत नाही. टेका अजून थोडा वेळ, वाया कशाला घालवायचं."

बाई टेकल्या. डोळे मिटले. मुलगी उठून ताटं गोळा करायला लागली, ती मोरीकडे घेऊन गेली आणि तिथून तिनं हाक मारली, "काकू, साबण कुठाय?"

मुलगा ताडकन उठायला गेला. वहिनी म्हणाल्या, "दाराआड बादली आहे बघ, त्यात एक मोजा आहे. त्यातच आहे."

बादली ओढल्याचा आवाज आला. मग पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि ताटं घासल्याचा.

निघताना बाईंनी जिन्याच्या तोंडाशी वळून वहिनींचा हात धरला. हात इस्त्रीनं जागोजाग भाजलेला होता, बाईंचा रंगानं काळवंडलेला. "ताई, पुढच्या वेळी येईन ती तारीख पक्की करायलाच येईन," त्या म्हणाल्या. "तेव्हा ती पेटी जागेवर असू द्या. आणि मला टेकायला वेगळं काहीतरी शिजत ठेवा."

"वाटाणे ठेवते. ते जास्त वेळ घेतात."

"वाटाणे चालतील." मग मुलाकडे न बघताच म्हणाल्या, "आणि तू खुर्च्या मागू नको कुणाकडे. लोक उगीच विचारतात कोण आलं म्हणून."

दोघी खाली उतरल्या. मुलगी कोपऱ्यावर वळेपर्यंत मुलगा जिन्यात उभा होता. धुकं पार गेलं होतं, समोरच्या इमारतीचा जिना शेवटपर्यंत दिसत होता. वहिनींना वाटलं, तो आता आत येऊन काहीतरी बोलेल, म्हणून त्या जरा दारातच रेंगाळल्या. तो पायऱ्या चढून वर गेला. शिंप्याच्या दाराची कडी वाजली, दोन शब्द झाले, आणि मग पेटी उतरताना जिन्याच्या कठड्याला ठोकरत ठोकरत येण्याचा आवाज. पेटीला खरं तर दोन माणसं लागायची. सकाळी ती वर गेली तेव्हाही त्यानं कुणाला हाक मारली नव्हती, आताही नाही. घामेजल्या तोंडानं त्यानं ती आणून त्या उजळ चौकोनावर ठेवली आणि खुर्च्या परत करायला निघून गेला.

पेटी जराशी तिरकी बसली होती. वहिनींनी पायानं ढकलून ती खुणेवर आणली.

"काय म्हणाला?" फिटरनं विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मग काय. पेटी आली ना."

त्यांनी बादली बाहेर ओढली. मोजा ओला होता, तो पिळून खिळ्याला टांगला. काड्यांचा डबा शेगडीपाशी गेला. सकाळच्या ओल्या पिशव्या तशाच बादलीत कोंबलेल्या होत्या, त्यांना दमट वास यायला लागला होता, म्हणून त्या पुन्हा धुवाव्या लागल्या. केकचा खोका सपाट करून झाला, लाल फीत दोन बोटांवर गुंडाळून नाड्यांच्या डब्यात गेली. खोका ज्या पिशवीतून आला होता ती जाड होती, चांगल्यापैकी. वहिनींनी ती उलटी केली, मलईचा डाग अंगठ्यानं घासला, पाण्याखाली धरली आणि खिडकी उघडून, ऊन होतं तोवर, दोरीच्या टोकाला टांगली.